रिबकाचा डावा हात

रिबकाला कुशीवर वळवायचं म्हणजे आधी तिचा उजवा हात उचलून पोटावर ठेवायचा, मग उजवा गुडघा वाकवायचा, आणि मग खांद्याला नि कमरेला धरून एकदम आपल्याकडं ओढायचं. शांतवनला हे आता अर्धवट झोपेतसुद्धा जमायचं. सुरुवातीला त्याची पाठ धरायची. पुढं पुढं ती कायमचीच धरून राहिली, तेव्हा पाठीकडं लक्ष द्यायचं त्यानं सोडून दिलं.

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारींच्या मागं त्यांचं घर होतं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. हंगामात त्या बोळात शिरलं की नवख्या माणसाला आधी शिंका यायच्या. शांतवन बिरांजे कुठं राहतात म्हणून कुणी विचारलं तर बोळातली पोरं डोकं खाजवायची. 'कंडक्टर अण्णा' म्हटलं की थेट दारात आणून सोडायची. उभी नोकरी त्यानं निपाणी-चिकोडी गाडीवर काढली होती. गाडी कितीही खचाखच भरलेली असो, मागच्या दारातून त्यानं दिलेली हाक ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचायची. कानडी माणसाशी कानडी, मराठी माणसाशी मराठी, आणि भांडण लागलं तर दोन्ही.

हाच आवाज रविवारी देवळात लागायचा. निपाणीतली जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. शांतवनचा आजा भावकू या देवळाच्या पायाचे दगड बैलगाडीतून आणणाऱ्यांतला, त्यामुळं घराण्याचा एक मान होता. शांतवन मंडळीचा, म्हणजे देवळात जमणाऱ्या समाजाचा, पंच होता, आणि उपासनेतली मोठी प्रार्थना त्याची असायची. तो उभा राहून डोळे मिटायचा, बोलायला लागायचा, आणि आजाऱ्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत, पावसापासून परीक्षेला बसलेल्या पोरांपर्यंत सगळे जण देवापुढं येऊन उभे राहिल्यासारखे वाटायचे. बायका पदरानं डोळे पुसायच्या. शांतवन अण्णांनी प्रार्थना केली की देवाला ऐकावंच लागतंय, असं लोक म्हणायचे. तो 'छे, छे' करायचा, पण घरी आल्यावर चप्पल काढता काढता बायकोला विचारायचा, "कशी झाली गं आज?"

"बरी झाली," रिबका म्हणायची. "जरा लांबली. भात गार झाला."

रिबका अंगानं बुटकी आणि हातानं चपळ. शांतवनची नोकरी पक्की होईपर्यंत तिनं विड्या वळून घर चालवलेलं. बोलायची कमी, पण दारात आलेला माणूस काही न खाता गेला तर दिवसभर तिला चुकल्यासारखं व्हायचं. एकुलत्या एक लेकीला, रूपालीला, ती पुण्याला फोन करायची तेव्हा पहिला प्रश्न 'जेवलीस काय?' आणि शेवटचाही तोच.

रिबका पडली तो रविवारच होता. बाहेरगावचे मोठे पाहुणे देवळात यायचे होते, म्हणून शांतवन सकाळपासून पडवीत फेऱ्या घालत प्रार्थनेचे शब्द जुळवत होता. आत काहीतरी आदळलं. "काय पाडलंस?" तो तिथूनच ओरडला, आणि तुटलेलं वाक्य पुन्हा जुळवायला लागला. वाक्य मनासारखं झाल्यावर तो आत गेला. रिबका स्वयंपाकाच्या कट्ट्याखाली पडली होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि डाव्या हातानं ती जमिनीवर सांडलेला भात गोळा करत होती.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली, म्हणून उजवं अंग गेलं. बोलणं पण त्याच बाजूला असतं, ते येईल का नाही सांगता येत नाही. तिला किती कळतं तेही आत्ता सांगता येत नाही. गिळायला त्रास होईल, तेव्हा बसवून, पातळ-घट्ट बघून, चमच्या-चमच्यानं भरवा.

घरी आणल्यावर पहिले काही आठवडे माणसांची रीघ लागली. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, "अण्णा, आमी पाळ्या लावून येतो. तिचं न्हाणंधुणं तुमच्याच्यानं कसं व्हायचं?"

"माझं मी बघतो," शांतवन म्हणाला. "तुमी प्रार्थना करा म्हंजे झालं."

रूपाली महिनाभर राहून गेली. जाताना म्हणाली, "आप्पा, एक बाई ठेवू या." त्यालाही तो नको म्हणाला. आपली बायको आपण सांभाळायची, त्यात दुसऱ्याचे हात कशाला? हे बोलताना त्याला मनातून बरंही वाटायचं. लोक म्हणत होते, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. त्या बोलण्यावर त्यानं पहिलं वर्ष काढलं.

दुसऱ्या वर्षी माणसं यायची कमी झाली. त्यात कुणाचा दोष नव्हता. ज्याला त्याला संसार होता. आता चादरी होत्या, औषधं होती, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर थोड्या वेळानं कूस बदलणं होतं. सुरुवातीला तो पलंगाशी उभा राहून मोठ्यानं प्रार्थना करायचा. नाताळापर्यंत बरी कर, म्हणायचा. मग ईस्टरपर्यंत म्हणायला लागला. मग काहीच म्हणेना. संध्याकाळी बायबल घेऊन बसला की पहिल्याच ओळीला डोळा लागायचा आणि जाग यायची ती मान अवघडल्यानं.

सगळ्यांत मोठी लढाई जेवणाची. तो तिला तक्क्याला टेकवून बसवायचा, गळ्याशी फडकं बांधायचा, नाचणीची आंबील नाहीतर मऊ भात कालवून चमचा तोंडाशी न्यायचा. आणि रिबका डाव्या हातानं त्याचा हात ढकलायची. तिच्या अंगात तेवढा एकच हात जिवंत राहिला होता आणि त्यात सगळ्या अंगाची ताकद गोळा झाली होती. चमचा हेलकावायचा, आंबील फडक्यावर सांडायची. तो पुन्हा भरायचा, ती पुन्हा ढकलायची. 'अ... अ...' असा एकच आवाज काढायची. डोळे मोठे करून त्याच्याकडं बघत राहायची. शेवटी कंटाळून चार घास घ्यायची. तोवर सगळं गार झालेलं असायचं. मग भांडी घासून, तिचं तोंड पुसून, तिला निजवून तो उरलेलं काहीतरी कट्ट्यापाशी उभ्यानंच पोटात ढकलायचा. कधी तेही राहून जायचं. त्याची पँट कमरेला राहत नव्हती. वरून त्यानं दोरी बांधली होती.

समोर चंपाबाईचं किराणा दुकान होतं. तिचा नवरा बाबगोंडा वारल्यापासून दुकान तीच बघायची. चंपाबाई जैन, दिवस मावळायच्या आत तिचं जेवण उरकलेलं असायचं. जेवून झालं की ती दुकान शेजारच्या पोरीकडं सोपवून घटकाभर रिबकाकडं यायची. एवढ्या एका बाईला शांतवनला नको म्हणता आलं नव्हतं, कारण तिनं विचारलंच नव्हतं. "सरका, मी भरवतो आज," म्हणायची आणि चमचा हातातून काढून घ्यायची.

आणि चंपाबाईच्या हातून रिबका नीट जेवायची. एकदाही ढकलायची नाही.

"बघा की ओ कंडक्टर, कशी गुमान खाती," चंपाबाई म्हणायची. "माझ्या हातानं काय तरास न्हाय तिचा."

हे शांतवनला फार लागायचं. मी एवढा राबतोय, आणि ही माझाच हात ढकलते. कुठला जुना राग काढते? तसे राग असण्यासारखे प्रसंग चाळीस वर्षांच्या संसारात होतेच, आणि ते त्याला एकेक करून आठवायचे. दुपारी पत्रा तापला की खोलीत बसून तो त्यांचा हिशेब मांडायचा.

एके दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नव्हतं. रात्रीतून दोनदा चादर बदलावी लागली होती. शांतवननं आंबील केली, तिला बसवली, चमचा नेला. रिबकानं ढकलला. "खा गं," तो म्हणाला. तिनं पुन्हा ढकलला. "अगं, खा म्हणतोय ना!" तिसऱ्यांदा हात असा जोरानं आला की वाटीच उडाली. आंबील भिंतीवर, चादरीवर, त्याच्या एकुलत्या धुतलेल्या सदऱ्यावर. शांतवननं तिच्या त्या हातावर फाडकन चापट मारली.

फार जोरात नसेल. पण आवाज झाला. चाळीस वर्षांत त्यानं तिच्यावर हात उचलला नव्हता, आणि उचलला तो आता.

रिबका रडली नाही. तिनं हाताकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि हात हळूहळू ओढून चादरीखाली नेला.

त्यानंतर ती ढकलेनाशी झाली. चमचा आला की तोंड उघडायची, गिळायची, पुन्हा उघडायची. हात चादरीखालीच. जेवण झटपट उरकायला लागलं. महिनोन्‌महिने शांतवनला हेच तर हवं होतं. पण आता तिचं झाल्यावर त्याला स्वतःला काही खाववायचं नाही.

दोन-तीन दिवसांनी चंपाबाई भरवायला बसली होती. आत कट्ट्याशी उभ्या शांतवनला तिचं बोलणं ऐकू आलं. "हात का असा झाकून घेतीस गं आक्का? थंडी वाजत्या काय? एवढ्या उकाड्यात?"

शांतवन हातात भांडं घेऊन तसाच उभा राहिला. बाहेर येऊन सांगावं असं त्याला वाटलं. त्याऐवजी घासलेलं भांडं त्यानं पुन्हा घासायला घेतलं.

त्या रविवारी तो देवळात गेला नाही. पुढच्याही नाही. आतापर्यंत चंपाबाईला बसवून तो तासाभरासाठी का होईना जाऊन यायचा, प्रार्थना करायचा, लोक हात हातात घेऊन विचारपूस करायचे. आता तिथं उभं राहून डोळे मिटायचे आणि कुणासाठी काय मागायचं, हे त्याला सुचेना.

तिसऱ्या आठवड्यात देवळाचे धर्मगुरू, पाळक देवपुत्र, आले. वयानं तिशीतले, गदगकडचे, घरची भाषा कानडी. निपाणीत बदलून आल्यावर मराठी शिकत होते. त्यांच्या मराठीत बायकांचे पुरुष व्हायचे आणि पुरुषांच्या वस्तू. उपासना संपली की शांतवन दारात त्यांना गाठून, चारचौघांच्या देखत, हसत हसत चुका सांगायचा. "पाळकसाहेब, देवाचा कृपा न्हवे, देवाची कृपा. कृपा बाई हाय." देवपुत्र मान हलवायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा 'देवाचा कृपा' म्हणायचे.

ते पडवीतल्या खुर्चीवर बसले. शांतवननं पाणी दिलं.

"अण्णा, तुम्ही येत नाही," देवपुत्र म्हणाले. "देऊळ मोठा झाल्यासारखा वाटतो."

"हिला सोडून येता येत न्हाय," शांतवन म्हणाला.

पाळकांनी आत पलंगाकडं पाहिलं, शांतवनच्या कमरेच्या दोरीकडं पाहिलं. "पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. उपासना झाल्यावर पाव नि रस मी इथंच घेऊन येतो. आक्कांना आणि तुम्हाला."

"तिला गिळता येत न्हाय नीट. राहू द्या."

"थोडा भिजवून देऊ," देवपुत्र म्हणाले, आणि पुढं काही ऐकायच्या आत उठले.

रविवारी शांतवनला वाटत होतं, येणार नाहीत. बारा वाजून गेले तसे पाळक सायकल भिंतीला टेकवून आत आले. हातात पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली छोटी ताटली आणि पेला. चंपाबाई रविवारच्या सवयीनं पलंगाशीच बसली होती. ती उठली, पण गेली नाही. "मी उंबऱ्याभायेर बसतो. तुमच्या देवाची काय हरकत न्हाय न्हवं?" म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन दाराशी टेकली.

देवपुत्रांनी स्टुलावर कपडा पसरला, पावाचा तुकडा आणि द्राक्षांचा रस मांडला. मग नेहमीचे शब्द म्हटले. ते मराठी शब्द त्यांनी तोंडपाठ केले होते. त्यात एकही चूक झाली नाही. पंख्याचा कटकट आवाज येत होता. पाळकांनी पाव मोडला आणि पहिला तुकडा शांतवनपुढं धरला.

शांतवननं हात मागं घेतले. "मला नको."

"का, अण्णा?"

शांतवननं आपल्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी हिला मारलंय. ह्याच हातानं. वाटी सांडली म्हणून." सबंध गाडीला ऐकू जाणारा त्याचा आवाज खोलीतल्या खोलीत विरून गेला. "घासाघासाला मी तिचा राग केलाय. लोकं म्हणतात, काय सेवा करतोय. सेवा न्हवे ती. मला घेता यायचं न्हाय हे."

उंबऱ्यावरून चंपाबाईनं मान वळवून पाहिलं, आणि पुन्हा बोळाकडं तोंड केलं.

देवपुत्र काहीतरी शोधत राहिले. ओठ हलले, कानडीत पुटपुटले, थांबले. "अण्णा, मला मराठीत हे चांगलं बोलता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "ही ताटली हातात घेतो तेव्हा प्रत्येक वेळी मला वाटतो, मी कोण हे धरणारा. हात कापतात. तरी धरतो. दुसरा उपाय नाही माझ्याकडं."

शांतवनचे हात मागंच राहिले.

"बरं. आधी आक्कांना द्या," पाळक म्हणाले. "तुमच्या हाताची सवय आहे त्यांना. मी दिलो तर ठसका लागेल."

याला नाही म्हणता येईना. शांतवननं तिच्या पाठीशी तक्क्या सरकवला, हनुवटी जरा खाली केली. पावाचा तुकडा चमच्यात घेऊन त्यावर रसाचे थेंब टाकले, तो मऊ होईपर्यंत थांबला, आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला.

चादर हलली.

रिबकाचा डावा हात बाहेर आला. इतके दिवस झाकून ठेवलेला हात सावकाश वर आला आणि त्यानं शांतवनचं मनगट धरलं. आता ती हे ढकलणार, आणि हे तरी सांडता कामा नये. त्यानं चमचा घट्ट धरला. तिनं ढकललं. पण आज तो घाईत नव्हता, ओरडत नव्हता, चमचा पुढं रेटत नव्हता. म्हणून पहिल्यांदाच त्याला तिच्या हाताचा ओढा कळला. हात बाजूला जात नव्हता. तो सरळ मागं येत होता, त्याच्याच छातीकडं, त्याच्या तोंडाकडं. चमच्याचं टोक त्याच्या मिशीला लागलं. रिबका त्याच्या ओठांकडं बघत होती. "अ... अ..." ती म्हणाली.

"अवो, ती तुमास्नी खा म्हणत्या," उंबऱ्यावरून चंपाबाई म्हणाली.

शांतवननं वळून पाहिलं.

"माझ्याबी तोंडाकडं अशीच बघती रोज. मी आधीच सांगतो, आक्का, मी जेवून आलो बघ, पोटभर. मग आ करती." चंपाबाईनं पदर सारखा केला. "तुमी कधी जेवतासा तिच्यापुढं? आरशात बघितलंय काय सोताला? काटकी झालाय."

शांतवन पुन्हा रिबकाकडं वळला. किती वाट्या सांडल्या, किती वेळा तो दात-ओठ खाऊन भिंत पुसत बसला, आणि ती अशीच बघत राहिली. बोलणं गेलं, अर्धं अंग गेलं, चापट बसली. आणि तिचं आपलं एकच चाललं होतं.

मनगट अजून तिच्या हातात होतं. तो हात आता दमला होता.

शांतवननं तोंड उघडलं. भिजलेला पावाचा तुकडा त्याच्या जिभेवर आला. तो गिळताना त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबेना. पाळक देवपुत्र खाली मान घालून उभे होते. त्यांनी दुसरा तुकडा मोडून चमच्यात ठेवला. शांतवननं तो भिजवला, पुढं नेला. रिबकानं आ केला.

त्या दिवसानंतर काही चमत्कार झाला नाही. रिबकाचा उजवा हात उजवीकडंच पडून राहिला आणि शब्द आला नाही. पुढच्या खेपेला बेळगावला गेल्यावर शांतवननं डॉक्टरांना हे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "असेल तसं. नसेलही. अशा आजारात हात आपोआपही हलतात." शांतवननं परतीच्या गाडीत यावर थोडा विचार केला आणि सोडून दिला. घरी येऊन त्यानं भात जरा जास्त टाकला.

आता दोघं एका ताटातून जेवायची. एक चमचा त्याचा, एक तिचा, आधी त्याचा. तिच्यासाठी मऊ शिजवलेला बेचव भात त्यालाही खावा लागायचा, आणि चंपाबाईनं दिलेली चटणी तो हळूच आपल्या बाजूला लावून घ्यायचा. कधीकधी ती अजूनही हात ढकलायची, तो आधी जेवला असला तरी. तेव्हा तिला खरंच नको असायचं. मग तो थांबायचा. रागही यायचा, काही दिवशी पुष्कळ यायचा. राग आला की तो चमचा ताटात ठेवून पडवीत जाऊन उभा राहायचा, वखारीच्या भिंतीकडं बघायचा आणि परत यायचा.

मंडळीतल्या बायकांना त्यानं स्वतः जाऊन सांगितलं, "पाळ्या लावा म्हणालता न्हवं? लावा." एवढं बोलायला त्याला देवळाच्या आवारात दोन चकरा माराव्या लागल्या. बायकांनी कारण विचारलं नाही. बुधवारी आणि शनिवारी त्या यायला लागल्या, रिबकाचं डोकं धुवायला लागल्या, तिच्या केसांना तेल लावता लावता गावभरच्या गोष्टी बोलायला लागल्या. शांतवनला बाहेर बसावं लागायचं. आतून हसण्याचा आवाज यायचा. रूपालीलाही त्यानं फोनवर सांगितलं, बाई बघ एखादी, अर्ध्या दिवसाची.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी तो देवळात गेला. चंपाबाई सकाळी दुकान न उघडताच येऊन बसली होती. पुढच्या पंचांच्या बाकावरून कुणीतरी खूण केली, पण तो मागं, खिडकीशेजारच्या शेवटच्या बाकावर टेकला. प्रार्थनेची वेळ झाली तसे काही जणांनी वळून पाहिलं. शांतवननं हळूच मान हलवली. मग पाळक देवपुत्रांनीच प्रार्थना केली. अडखळत, शब्द शोधत. एका जागी तर बराच वेळ थांबले, शब्द सापडेना, आणि सगळी मंडळी त्यांच्याबरोबर थांबली. मग ते म्हणाले, "प्रभू, जे दमले आहेत, त्यांना तुझा कृपा दे."

शांतवनला ते ऐकू आलं. त्यात चूक होती हेही कळलं. पण ती सांगावी असं त्याला वाटलं नाही. ते वाक्य जसं होतं तसंच अंगावर पांघरावं असं वाटलं. डोळे मिटलेलेच होते. 'आमेन' म्हणायच्या आत त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा देऊळ रिकामं होतं. बाकीचे पंखे बंद होते, फक्त त्याच्या डोक्यावरचा एक फिरत होता. तो बाकावर आडवा होता. कुणाची तरी ओढणी घडी करून त्याच्या डोक्याखाली ठेवलेली होती, आणि पायांतल्या चपला काढून बाकाखाली नीट लावलेल्या होत्या. सबंध प्रवचन, शेवटचं गीत, आशीर्वाद, माणसांचं उठणं-जाणं, यातलं काही त्याला आठवेना. एवढी माणसं त्याच्या शेजारून गेली असणार आणि एकानंही त्याला उठवलं नव्हतं.

तो धडपडत उठला. "रिबका!"

दाराच्या पायरीवर देवपुत्र बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं. "मी फोन केलो चंपाबाईंना," ते म्हणाले. "आक्का जेवले. कूस पण बदलून झाला. तुम्ही उठू नका."

"किती वाजले?"

"दोन. मला आज काही काम नाही. मी इथं बसतो."

शांतवनच्या डोळ्यांसमोर घर आलं. दोरीवर चादरी होत्या, त्या आत घ्यायला हव्या होत्या. चारचं औषध होतं. संध्याकाळचा भात होता, उद्याही होता, आणि परवाही. त्यानं बाकाखालून चपला ओढल्या, एक पायात घातलीसुद्धा. खिडकीतून बाहेरच्या चिंचेची सावली बाकावर पडली होती आणि ती हलत होती. थोडा वेळ तो तसाच एक चप्पल घालून बसला. मग त्यानं ती काढली, ओढणीची घडी सारखी केली, आणि पुन्हा बाकावर आडवा झाला.